निळी पडलेली स्लाइड, तपकिरी दाणे आणि मॅरोतलं लोह

रक्ताच्या रिपोर्टांवरच्या या सदराकडे आलेल्या पत्रांतून या वेळी रंगांची, म्हणजे स्टेनची, पत्रं बाजूला काढली आहेत. पत्रं लांबलचक होती, ती थोडक्यात देते. आणि एक विनंती: रिपोर्टचा फोटो पाठवताना मागच्या पानाचाही पाठवत जा. कामाची टीप नेमकी तिथे असते.

माझ्या भाचीला (वय 19) पंधरा दिवस ताप, हिरड्यांतून रक्त, पायांवर लाल ठिपके. इथल्या लॅबने स्मिअर पाहून ‘ब्लास्ट 70 टक्के, एमपीओ पॉझिटिव्ह, अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाशी सुसंगत’ असा रिपोर्ट दिला. मोठ्या हॉस्पिटलात मात्र फ्लो सायटोमेट्री आणि क्रोमोसोमच्या महागड्या तपासण्या सांगितल्या. साध्या रंगाच्या तपासणीत निदान झालं असेल, तर पुन्हा हा खर्च कशाला? – एक मामा, परभणी

तुम्हाला फोन पत्र मिळालं त्याच दिवशी केला होता. असल्या पत्राला मासिक छापून येईपर्यंत थांबवायचं नसतं. भाचीचे उपचार सुरू झाले आहेत, म्हणून आता सावकाश लिहिते. हाच प्रश्न घेऊन बरेच नातेवाईक येतात.

काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थराला (स्मिअरला) रोज जो लिशमन स्टेन देतात, त्यात ब्लास्ट, म्हणजे न पिकलेली कोवळी पेशी, ओळखू येतो. मोठं केंद्रक, त्यातलं क्रोमॅटिन (डीएनएचा गुंता) बारीक जाळीसारखं, आत एक-दोन फिकट न्यूक्लिओलस आणि भोवती निळसर सायटोप्लाझमची अरुंद कड. पंचाईत पुढे आहे. हा ब्लास्ट मायलॉइड, म्हणजे न्यूट्रोफिलच्या (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या) घराण्यातला, की लिम्फॉइड, हे नुसत्या चेहऱ्यावरून छातीठोक सांगता येत नाही. अनुभवी डोळेही इथे चकतात. आणि दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो, मायलॉइडचा थोड्या पण जबरदस्त आवर्तनांत होतो. औषधंही निराळी.

तिथे एमपीओ, म्हणजे मायलोपेरॉक्सिडेज, उपयोगी पडतं. हे न्यूट्रोफिलच्या प्राथमिक दाण्यांत असणारं एन्झाइम. स्लाइडवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डायअमिनोबेंझिडिन घातलं, की जिथे हे एन्झाइम आहे तिथेच तपकिरी, न विरघळणारा साका बसतो. तो तपकिरी रंग बाटलीतून आलेला नसतो, पेशीतल्या एन्झाइमने जागेवर तयार केलेला असतो. लिशमनमध्ये रंग पेशीला चिकटतो, इथे पेशी स्वतः काम करून दाखवते. (आमच्या आधीच्या पिढीने यासाठी बेंझिडिन वापरलं. ते कॅन्सरकारक निघालं आणि बंद पडलं. डायअमिनोबेंझिडिनही हातमोजे न घालता हाताळायचं नाही, हे नव्या मुलांना दर वर्षी सांगावं लागतं.)

मोजताना फक्त ब्लास्ट मोजायचे. त्याच स्लाइडवरचे उरलेसुरले न्यूट्रोफिल तपकिरी होणारच. ते तर तपासणी चालली याचा पुरावा. शंभर ब्लास्टमध्ये 3 किंवा त्याहून जास्त पॉझिटिव्ह असले, की मायलॉइड म्हणायचं, हा नियम 1976 सालच्या फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश वर्गीकरणापासून चालत आला आहे. म्हणजे तुमच्या भाचीच्या रिपोर्टवरचं ‘पॉझिटिव्ह’ भक्कम आहे. लॅबने काम चोख केलंय.

उलट बाजू कच्ची आहे. एमपीओ निगेटिव्ह आलं म्हणून लिम्फॉइड, असं होत नाही. मायलॉइडचे अगदी कोवळे प्रकार, मेगाकॅरिओसाइटपासून (प्लेटलेट बनवणाऱ्या पेशीपासून) निघालेला प्रकार आणि मोनोब्लास्टचा (मोनोसाइट या पांढऱ्या पेशीच्या कोवळ्या रूपाचा) प्रकार हे तिन्ही निगेटिव्ह राहू शकतात. शिवाय एन्झाइम नाशवंत. स्लाइड आठवडाभर कपाटात पडली असेल, तर खरं पॉझिटिव्ह खोटं निगेटिव्ह होतं. सुदान ब्लॅक त्या मानाने सोशिक: ते दाण्यांतल्या स्निग्ध पदार्थाला काळं करतं आणि जुन्या स्लाइडवरही चालतं. मोनोसाइटच्या घराण्यासाठी नॉन-स्पेसिफिक एस्टरेज लावायचं. त्यात सोडियम फ्लोराइड घालून पाहिलं आणि रंग गेला, तर पेशी मोनोसाइटची. पीएएस स्टेनमध्ये लिम्फोब्लास्टच्या स्वच्छ सायटोप्लाझममध्ये जांभळट-लाल ढेकळं दिसतात. दिसली तर बरं, पण प्रत्येक रुग्णात दिसतातच असं नाही. प्रत्येक रंग एकच प्रश्न विचारतो. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यातून काढायला गेलं, की घोटाळा होतो.

आता तुमचा खर्चाचा मुद्दा. एमपीओने ‘मायलॉइड’ इतकं सांगितलं. कोणता मायलॉइड, हे जनुकं सांगतात. त्यातला एक प्रकार, अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, फार रक्तस्राव करतो आणि पहिल्या काही दिवसांत जीव घेऊ शकतो. पण ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अॅसिड आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड यांनी तोच आज सगळ्यांत जास्त बरा होणारा प्रकार ठरला आहे. त्यात 15 आणि 17 या क्रोमोसोमांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. दाणेदार, सळयांच्या जुड्या भरलेल्या, एमपीओने गच्च रंगलेल्या पेशी पाहून संशय स्लाइडवरच येतो, आणि संशय आला तरी रेटिनॉइक अॅसिड सुरू करतात, जनुकाच्या रिपोर्टची वाट पाहत नाहीत. शिक्कामोर्तब मात्र जनुकाचंच. बाकीच्या प्रकारांतही नुसती केमोथेरपी पुरेल की पुढे मॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांट लागेल, हे ठरवायला क्रोमोसोम आणि जनुकांचाच आधार घ्यावा लागतो. फ्लो सायटोमेट्री पेशीच्या अंगावरचे सीडी मार्कर, म्हणजे तिची ओळख सांगणारी प्रथिनं, वाचते. उपचारांनंतर मूठभर वाईट पेशी उरल्या आहेत का हे शोधायलाही पहिल्या दिवशीचा तो नमुना तुलनेला लागतो. उपचार सुरू झाल्यावर मागे जाऊन तो घेता येत नाही.

म्हणून या तपासण्यांत काटकसर करू नका. पैशांसाठी हॉस्पिटलातल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. कोणती तपासणी योजनेत बसते आणि कोणती नाही, हे लेखी विचारा. तोंडी उत्तर दर टेबलाला बदलतं.

हाडातून मॅरो काढल्यावर त्यात जे रंग घालतात, ते पेशंटच्या शरीरात राहतात का? – गृहिणी, अकोला

नाही हो. रंग काचेवर पडतो, तुमच्या अंगात एक थेंबही जात नाही. कमरेच्या मागच्या हाडातून नमुना निघाला की तुमचं आणि रंगाचं नातं संपलं. त्या जागी दुखेल एक-दोन दिवस, ते सुईमुळे.

मॅडम, मी डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) आहे. माझी लिशमनची स्लाइड कायम निळी पडते. सर म्हणतात स्टेन बदल, पण बाटली नवी आहे. आणि पावसाळ्यात आरबीसीत (तांबड्या पेशींत) चमकणारी भोकं दिसतात. – लातूर

बाळा, बाटलीवर आळ घेण्याआधी पाणी तपास. तुमच्याकडे बोअरचं पाणी. ते बहुतेक वेळा अल्कधर्मी असतं आणि लिशमनला ते सोसत नाही. या स्टेनमध्ये मिथिलिन ब्ल्यूपासून बनलेले अॅझूर रंग आणि इओसिन असे दोन विरुद्ध स्वभावाचे रंग आहेत. अॅझूर केंद्रकातल्या न्यूक्लिइक आम्लांना धरतो, इओसिन हिमोग्लोबिनला आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीच्या दाण्यांना. कोणाचं पारडं जड होणार हे पीएच ठरवतो. पाणी आम्ल असलं तर सगळं गुलाबी आणि केंद्रक फिकट. अल्कधर्मी असलं तर सगळं निळं-राखाडी. 6.8 पीएचचा बफर (पीएच ढळू न देणारं द्रावण) करून ठेव आणि पीएच पेपरने रोज सकाळी बघ. नळाचं पाणी धुण्यालाही वापरू नकोस.

तरी निळी पडली, तर कारण दुसरीकडे आहे. स्मिअर जाड काढतोस का? स्टेन जास्त वेळ ठेवतोस का? रक्त हिरवं झाकण असलेल्या हेपॅरिनच्या ट्यूबमधलं आहे का? मग मागची जमीन निळीच येणार. स्मिअर जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमधून काढ, तोही रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत. स्मिअर सुकल्यावर संध्याकाळपर्यंत तसंच टाकून दिलंस, तरी प्लाझ्मा निळसर रंगतो.

क्रम लिहून भिंतीवर लाव. सुकलेल्या स्मिअरवर नुसता स्टेन दोन मिनिटं. त्यातलं मिथेनॉल पेशी काचेवर पक्क्या करतं. मग दुप्पट बफर, हलकी फुंकर मारून मिसळायचं. वर सोनेरी तवंग आला पाहिजे. सात ते दहा मिनिटं थांब. आता महत्त्वाचं: स्टेन आधी ओतून देऊन मग धुऊ नकोस. तो तवंग खाली स्मिअरवर बसतो आणि नंतर तुला प्लेटलेट म्हणून, कधी मलेरियाचा जंतू म्हणून फसवतो. स्लाइड आडवी असतानाच पाणी सोड, तवंग वरच्यावर वाहून जाऊ दे. मागची बाजू कापसाने पूस. स्लाइड उभी करून सुकव. आणि ठिपका जंतू की कचरा अशी शंका आली, तर फाइन फोकस हलवून बघ. कचरा पेशीच्या वरच्या पातळीवर असतो. तो स्पष्ट होतो तेव्हा पेशी धूसर होते.

पावसाळ्यातली भोकं पाण्याची. मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल्या मिथेनॉलने आरबीसी नीट पक्क्या होत नाहीत. स्मिअर दमट हवेत रेंगाळत सुकला तरी तेच. मोठी बाटली रोज उघडू नकोस. लहान बाटलीत काढून घे, झाकण घट्ट, ड्रॉपर कोरडा. स्मिअर काढल्याबरोबर पंख्याखाली धर. कोकणातल्या लॅबमध्ये हे दुखणं जून ते सप्टेंबर ठरलेलं. तुमच्याकडे पाऊस कमी म्हणून लक्षात उशिरा येतं इतकंच.

मलेरिया शोधायचा असेल, तर बफर 7.2 चा घे. व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या प्रकारात आरबीसीवर जे बारीक गुलाबी ठिपके येतात, ते 6.8 ला नीट उठत नाहीत. एकाच बफरवर सगळं भागवणाऱ्या लॅब मला मान्य नाहीत, पण तुझ्या सरांशी यावरून वाद घालू नकोस. दोन बाटल्या कर आणि दोन्ही स्लाइड शेजारी शेजारी ठेवून दाखव.

मी बांधकाम खात्यातला निवृत्त ड्राफ्ट्समन. सौ.ला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, हिमोग्लोबिन 7 वर आलं. रक्तातलं फेरिटिन नॉर्मल होतं, तरी मॅरो केला. त्यात ‘पर्ल्स स्टेन: लोहसाठा शून्य’ आलं. रक्ताची तपासणी खोटी की मॅरोची? – सातारा

दोन्ही खऱ्या आहेत. फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, पण शरीरात दाह असला की लिव्हर ते आपणहून वाढवतं. संधिवात, टीबी, जुनाट जंतुसंसर्ग, या सगळ्यांत लोह संपलेलं असूनही फेरिटिनचा आकडा नॉर्मल दिसू शकतो. अशा पेचात मॅरोमध्ये थेट लोह पाहणं हा जुना आणि भरवशाचा उपाय.

रंग तुमच्या ओळखीचा निघेल. माक्स पर्ल्स या जर्मन पॅथॉलॉजिस्टने 1867 मध्ये ही पद्धत सांगितली: पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. मॅरोतल्या मॅक्रोफाजमध्ये (साफसफाई करणाऱ्या पेशींत) हिमोसिडरिनच्या रूपात लोह असलं, की आम्ल ते मोकळं करतं आणि फेरोसायनाइडशी मिळून गडद निळा पदार्थ होतो, प्रशियन ब्ल्यू. तुमच्या जुन्या ब्ल्यूप्रिंटवरचा निळा तोच, रसायन एकच. तुमच्या नकाशावर कागद निळा आणि रेघा पांढऱ्या. इथे निळं दिसलं ते लोह. सौ.च्या स्लाइडवर निळं काहीच नाही, म्हणजे कोठार रिकामं.

एक गोष्ट डॉक्टरांना विचारा: स्लाइडवर मॅरोचे कण पुरेसे होते का? साठा कणांत बघायचा असतो. कण न येता नुसतं पातळ रक्त आलं, तर ‘शून्य’ लिहिण्यात अर्थ नाही. चांगल्या रिपोर्टमध्ये कणांचा उल्लेख असतो. सात तरी कण पाहावेत असं मानतात. उलट गोंधळही होतो: पाण्यातलं किंवा काचेवरचं लोह निळं होऊन साठा असल्याचा भास करतं. ते निळं पेशीच्या बाहेर, कुठेही पसरलेलं असतं, म्हणून ओळखू येतं. आमच्याकडे पर्ल्सचं काम डिस्टिल्ड वॉटरशिवाय होत नसे. आणि दर वेळी एक माहितीची पॉझिटिव्ह स्लाइड बरोबर रंगवायची. ती निळी झाली नाही, तर त्या दिवशीचा एकही रिपोर्ट बाहेर जात नसे.

हीच पद्धत उलट्या दुखण्यातही लागते. कोवळ्या तांबड्या पेशीत लोह येतं पण वापरलं जात नाही, तेव्हा केंद्रकाभोवती निळ्या दाण्यांचं कडं दिसतं. ती रिंग सिडरोब्लास्ट. सौ.च्या बाबतीत तो विषय नाही.

मला तपासणीपेक्षा दुसरीच काळजी वाटते. लोह संपलं ते गेलं कुठे? संधिवातासाठी वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर पोटातून थोडं थोडं रक्त जात असणं अगदी शक्य आहे. काळी शौच होते का ते विचारा. एंडोस्कोपीचा विषय डॉक्टरांकडे तुम्हीच काढा. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की शौच तशीही काळी होते आणि हा धागा हरवतो, म्हणून आधी विचारा.

वार्षिक तपासणीत यंत्राने न्यूट्रोफिल फार कमी आणि ‘एलयूसी 48 टक्के’ दाखवले. घाबरून स्मिअर केला, तर डॉक्टर म्हणाले न्यूट्रोफिल अगदी नॉर्मल आहेत. दोन वेळा तसंच झालं. तब्येत ठणठणीत आहे. – वय 34, ठाणे

एलयूसी म्हणजे न रंगलेल्या मोठ्या पेशी. यंत्र रंगवतं हे ऐकून नवल वाटलं असेल, पण पेशी मोजणाऱ्या काही यंत्रांत 1970च्या दशकापासून पेरॉक्सिडेजचाच रंग वापरतात. वर परभणीच्या पत्रात जे एमपीओ आलं, तेच. यंत्र प्रत्येक पेशीचा आकार आणि रंगाची गडदता बघून ती कोण ते ठरवतं: गडद ते न्यूट्रोफिल, फिकट ते मोनोसाइट, लहान आणि न रंगलेलं ते लिम्फोसाइट, मोठं आणि न रंगलेलं ते एलयूसी.

आता समजा एखाद्याच्या न्यूट्रोफिलमध्ये हे एन्झाइम जन्मतःच नाही. यंत्राच्या हिशेबात ते न्यूट्रोफिल राहत नाहीत, एलयूसीत जाऊन पडतात. काचेवर मात्र केंद्रकाचे तीन-चार कप्पे, बारीक दाणे, सगळं जागच्या जागी. तुमचं चित्र अगदी असंच आहे. जन्मजात एमपीओची कमतरता काही हजारांत एकाला असते. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, कारण न्यूट्रोफिलकडे जंतू मारण्याची इतरही हत्यारं आहेत. मधुमेह असलेल्यांत कँडिडाचा संसर्ग वाढल्याच्या नोंदी आहेत. तुम्हाला मधुमेह नाही, तेव्हा विषय संपला. खात्री हवी तर स्मिअरवर एमपीओ स्टेन करून घ्या, शेजारी निरोगी माणसाची स्लाइड ठेवून. त्याचे न्यूट्रोफिल तपकिरी, तुमचे फिकट. मग तो रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा आणि पुढच्या तपासणीत आधीच दाखवा. नाहीतर दर वर्षी कुणीतरी नवा डॉक्टर तुम्हाला ल्युकेमियाची भीती घालेल. एलयूसी जास्त म्हणजे ब्लास्ट असण्याची शक्यता खरीच असते, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी स्मिअर मागितला ते योग्यच केलं.

शाळेत विज्ञान शिकवतो. पेशी रंगवून ओळखायची कल्पना कुणाची? आणि नववीच्या मुलांना हे करून दाखवता येईल का? – चिपळूण

मुख्य मान पाउल एर्लिकला. कोळशाच्या डांबरापासून बनणारे कापडाचे रंग तेव्हा जर्मनीत नवे होते. विद्यार्थिदशेतच त्याने ते पेशींवर घालून पाहिले. 1878च्या प्रबंधात त्याने मास्ट पेशींचं वर्णन केलं, पुढच्या वर्षी इओसिनोफिलचं. आम्ल रंग कुठे बसतो, अल्क रंग कुठे, यावरून त्याने पांढऱ्या पेशींची वाटणी केली. आज रिपोर्टवर येणारी न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल ही यादी त्याच वाटणीतून आली. 1908चं नोबेल त्याला मेचनिकॉफबरोबर मिळालं, पण ते प्रतिकारशक्तीच्या कामासाठी. रोमानोव्स्कीने 1891 मध्ये रशियात मलेरियाच्या जंतूसाठी दोन रंगांचं मिश्रण वापरलं, आणि 1901 मध्ये विल्यम लिशमन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने ते सोपं केलं. लिशमनने आधी हिंदुस्थानात नोकरी केली होती. दमदमहून परतलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत त्याला काळाआजाराचे जंतू दिसले. 1903 मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं आणि त्याच वर्षी मद्रासला डोनोवननेही तेच पाहिले. म्हणून लिशमनचं नाव रंगालाही आहे आणि जंतूलाही.

मुलांना दाखवा, पण वर्गात कुणाचं बोट टोचू नका. रक्तातून हेपॅटायटिस, एचआयव्ही पसरतात. आणि लिशमनमधलं मिथेनॉल विषारी, ज्वालाग्राही आहे. ओळखीच्या लॅबमधून रंगवून सुकवलेल्या, कव्हर स्लिप चिकटवलेल्या स्लाइड मागून घ्या. नावाची चिठ्ठी काढलेली असावी. शाळेच्या मायक्रोस्कोपची चाळीसची लेन्स न्यूट्रोफिलचे कप्पे दाखवायला पुरते. स्मिअरच्या जाड टोकाकडून सुरुवात करू नका. पातळ टोकाच्या जरा अलीकडे, जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, तिथे शोधा. इओसिनोफिल मुलांना फार आवडतो. तो मुद्दाम हवा असेल, तर लॅबला सांगून अॅलर्जीच्या किंवा जंताच्या पेशंटची स्लाइड ठेवायला सांगा.